सांग गो तिला

माझं लग्न साडेचार अंशांवर ठरलं.

मुलगी बघायला आलेली माणसं काय विचारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. चालून दाखव, सुईत दोरा ओव, भाकरी येते का. आटगावजवळच्या आमच्या घरी मुरबाडहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून पितळेची एक अर्धी चकती काढली. तिच्या कडेला बारीक रेघा नि आकडे होते, मधे एक काटा होता. त्यांनी तो फिरवला आणि चकती माझ्यासमोर ठेवली.

"काटा कुठं हाय, वाच."

माझ्या बाबांना घाम फुटला. मी चौथी झालेली होते, पण परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द निघणं शक्य नव्हतं. मी मान खाली घालूनच सारवलेल्या जमिनीवर बोटाने ४ काढला आणि त्याच्यापुढे अर्ध्याच्या दोन उभ्या रेघा मारल्या. मामंजींनी चकतीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि गूळपाणी घ्यायच्या आधीच म्हणाले, "पसंत."

मामंजी सुतार. तरुणपणी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होते. तिथल्या एका साहेबाने विलायतेला परत जाताना एक यंत्र टाकून दिलं, ते मामंजींनी बैलगाडीत घालून घरी आणलं. शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं, वर छोटं लोखंडी मेज, आणि मेजाच्या भोकातून वर-खाली नाचणारं तारेएवढं पातं. गावात त्याला पायकरवत म्हणत. पाट, चौरंग, पेट्यांची झाकणं यांत मामंजी दुसऱ्या रंगाचं लाकूड बसवत. काळ्या शिसवीत पिवळ्या हेदीचा पोपट. डोळे मिटून बोट फिरवलं तर पोपट कुठे सुरू होतो ते कळत नसे.

खुबी त्या मेजात होती. दोन फळ्या एकावर एक खळीने चिकटवून पोपट एकदमच कापायचा, म्हणजे वरचा पिवळा पोपट खालच्या काळ्या भोकात बसतो. पण सरळ कापला तर पात्याच्या जाडीएवढी फट चहूकडे राहते आणि पोपट धपकन खाली पडतो. म्हणून मेज थोडं कलतं करायचं. मग पोपट वर रुंद नि खाली निमुळता होतो आणि बाटलीच्या बुचासारखा बसतो. कल कमी झाला तर पडतो, जास्त झाला तर अर्ध्यावरच अडकतो. मेज किती कललं ते दाखवणारी तसलीच काट्याची चकती मेजाच्या खाली. मामंजी वर बसून स्क्रू पिळणार, तेव्हा खाली वाकून काटा वाचायला शिकलेलं माणूस हवं होतं. म्हणून मी.

त्यांना सगळ्याच गोष्टीत कल लागायचा. जेवताना ताटाखाली लाकडाची पाचर ठेवत, म्हणजे आमटी एका कडेला जमते. पाचरीही चार होत्या, लहान-मोठ्या. आमटी घट्ट असली तर मोठी पाचर, पातळ असली तर लहान. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. लहान पाचर दिसली की आत्याबाई भडकायच्या, "एवढं पानी वाटतं तर विहिरीवर जाऊन जेवा!" मामंजी शांतपणे म्हणायचे, "जरा कलू दे गो." हे त्यांचं नेहमीचं. कोणी भांडायला आलं तरी तेच. आमचे हे शहापूरच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते, तिथल्या मालकाशी वाद घालून आले तरी तेच. "जरा कलू दे रे. सरळ गेलास का फट पडते."

आता खरी अडचण. सुनेने सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यात मी मुलखाची भिडस्त. काटा वाचायला सून आणली, पण सून बोलेल कशी, हे मामंजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. यावर आत्याबाईंनी तोड काढली. घराच्या मधल्या खांबाला आमच्याकडे मेढ म्हणतात. त्या मेढीला टेकून आत्याबाई तांदूळ निवडत बसायच्या. मामंजी यंत्रावर, मी यंत्राखाली, दोघांत दोन हातांचं अंतर. तरी मामंजी विचारणार मेढीकडे बघून, "विचार गो तिला, किती?"

मी पदराआडून पुटपुटायचे, "सांगा, पाच."

"पाच म्हणते!" आत्याबाई ओरडायच्या. "आनी म्हणते, आता उठा, भात निवला."

मी भाताचं काही म्हटलेलं नसे. माझ्या एका शब्दाचे आत्याबाई दहा करायच्या. माझ्या नावावर त्यांनी मामंजींना विड्या कमी करायला सांगितलं, केस कापून घ्यायला सांगितलं, एकदा तर डोळखांबच्या नणंदेला लुगडं घ्यायला सांगितलं. मामंजी म्हणायचे, "पोर लई बोलते गो." आणि आत्याबाई माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

लढाईच्या दिवसांत आत्याबाई तापाने गेल्या. सहा दिवसांत सगळं आटोपलं.

महिनाभर पायकरवतीवर गोणपाट होतं. मग एका सकाळी मामंजींनी ते काढलं, फळ्या लावल्या, स्क्रूवर हात ठेवला. मी यंत्राखाली वाकून बसले. पण विचारणार कोण आणि सांगणार कोणाकरवी? मामंजींनी स्क्रू पिळला. मग मेढीकडे वळून म्हणाले, "विचार गो तिला, किती?"

मी मेढीकडे बघितलं आणि म्हटलं, "सांगा, तीन."

"तीन," मामंजी स्वतःशीच म्हणाले आणि पाय हलवू लागले.

तेव्हापासून तेच चालू झालं. सांग गो तिला, पानी दे म्हणावं. सांग गो तिला, गिऱ्हाईक आलंय. माझी मावशी शहापूरहून आली होती, ती घाबरून मला परसात घेऊन गेली. "अगो, तुझा सासरा खांबाशी बोलतो. कधीपासून?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच बोलतात. मला भीड वाटू नये म्हणून." मला खरंच तसं वाटत होतं.

एकदा मी विहिरीवरून लवकर आले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मामंजी एकटे जेवत होते, आणि मेढीला सांगत होते, "आज आमटी घट झालीय गो. मोठी पाचर घेतली."

मी डोक्यावरचा हंडा न वाजवता खाली ठेवला आणि परत बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात यांनी मेढ ठोकून बघितली तर आतून पोकळ. वाळवीने बुंधा खाल्ला होता.

"बाबा, ही बदलायला पायजे. कौलं खाली येतील."

"जरा कलू दे रे."

"कललीच आहे ती!"

मामंजींनी ओळंबा सोडला, चकती लावली. "दोन अंश. दोन चालतात."

"घर म्हणजे पोपट नाय, बाबा!"

हे त्याच आठवड्यात डोळखांबहून सागाचा नवा खांब घेऊन आले, चार माणसं लावून कौलं उचलून धरली आणि मेढ बदलली. जुनी अंगणात आडवी झाली. टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला तिच्यावर एक काळा, गुळगुळीत डाग होता. आत्याबाईंच्या अंबाड्याचं तेल वीस-पंचवीस वर्षं त्या लाकडात मुरलं होतं. मामंजींनी त्या डागाची पातळ फळी चिरून काढली, शेजारचा एक साधा तुकडा ठेवला आणि बाकीची मेढ चुलीला गेली.

त्यानंतर मामंजी बोलेनासे झाले. पाणी हवं असलं तर तांब्या वाजवायचे. नव्या खांबाकडे तोंड करून बसायचे, पण त्या कोऱ्या लाकडाला काय सांगायचं ते त्यांना सुचत नसावं. पाचरीही कोनाड्यात तशाच. ताट सपाट ठेवून जेवायचे, आमटी कशीही वाहो.

आठव्या दिवशी त्यांनी यंत्र उघडलं. जुन्या मेढीची ती फळी वर, हेदीची खाली. लढाईमुळे मुंबईला पाती मिळत नव्हती. घरात दोनच उरली होती. आधी मेढीच्या त्या साध्या तुकड्यावर कल बघावा म्हणून त्यांनी यांना काटा वाचायला बसवलं.

"किती?"

"चार. नायतर पाच. असंच काहीतरी."

कापलेला तुकडा भोकातून सरळ खाली पडला, आणि पातं काढताना तुटलं. हे कानाला हात लावून वखारीत निघून गेले. आता एकच पातं होतं आणि तसा डागाचा तुकडा दुसरा नव्हता.

मामंजींनी ते पातं चढवलं. स्क्रूवर हात ठेवला. नव्या खांबाकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांचा हातही स्क्रूवरून खाली आला.

मी चुलीपाशी होते. हातातली फुंकणी ठेवली, जाऊन यंत्राखाली वाकले. काटा चाराच्या अलीकडे होता, एवढ्यावर तुकडा पुन्हा खाली पडला असता.

"मामंजी," मी म्हटलं. आवाज कोंबडी हाकलावी तसा निघाला. "अजून पिळा."

वर काहीच हललं नाही. मग स्क्रू कुरकुरला.

"अजून थोडं. बास. साडेचार."

मामंजींचा पाय हलू लागला. त्यांनी पोपट कापला नाही, मोर कापला नाही. डाग होता तेवढाच वाटोळा तुकडा कापला, एका अंबाड्याएवढा. पातं बाहेर आलं. त्यांनी तुकडा हेदीच्या भोकावर ठेवून अंगठ्याने दाबला. टक् असा बारीक आवाज झाला. सांध्यावरून त्यांनी नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. नख कुठे अडलं नाही.

संध्याकाळपर्यंत नव्या मेढीत पटाशीने खाच करून त्यांनी ती फळी बसवली. जमिनीपासूनची उंची मोजायला त्यांना काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी जेवायला बसले. कोनाड्यातून पाचर काढून त्यांनी ताटाखाली सरकवली. लहान होती. मग मेढीकडे बघून म्हणाले, "सांग गो तिला, पानी दे म्हणावं."

मला आता थेट बोलता आलं असतं. एकदा तोंड उघडलं होतंच. मी तांब्या त्यांच्यापाशी ठेवला आणि मेढीकडे वळले.

"आत्याबाई, सांगा त्यांना, पाणी ठेवलंय. आणि म्हणावं, आमटी काही एवढी पातळ नाही."

मामंजींनी तांब्या उचलला.

"ऐकलं म्हणावं," ते मेढीला म्हणाले.