रासबेरीचं औषध

"खुरपं हे मागासलेलं हत्यार आहे!" दिवाकरभाऊंनी जाहीर केलं. "तण काढायला कंबर लागत नाही, डोकं लागतं!"

हे त्यांनी बायकोला, म्हणजे नर्मदाबाईंना, सांगितलं तेव्हा नर्मदाबाईंच्या हातात खुरपंच होतं. माणसाने वेळ तरी बघावी!

दिवाकरभाऊंनी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांचं लक्ष वसईच्या होळी गावातल्या आपल्या वाडीकडे गेलं आणि तिथेच घोटाळा झाला. तोवर वाडी नर्मदाबाई बघत होत्या आणि ती सुखात होती. केळी होत्या, पानवेल होती, विहिरीलगत मोगऱ्याचे दोन वाफे होते. त्या वाफ्यांत नर्मदाबाईंचा जीव. मग भाऊ महाबळेश्वरला गेले, तिथे त्यांनी वाटीभर रासबेरी खाल्ली आणि येताना चाळीस रोपं घेऊन आले. त्यातली निम्मी ब्लॅकबेरीची होती, पण भाऊ सगळ्यांना सरसकट रासबेरीच म्हणायचे.

"लावणार कुठे?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मोगऱ्याच्या जागी. तो आता जुना झालाय."

जुनं झालेलं घरात आणखी काय काय आहे, हे नर्मदाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी थेट अटच घातली.

"दसऱ्याला रासबेरी जिवंत असली तर वाफे तुमचे. नसली तर माझे. मग त्यात मोगऱ्याशिवाय काही दिसता कामा नये."

"कबूल! लिहून देऊ?"

मोगरा निघाला, रासबेरी लागली. दीड महिन्यात ती वीतभर वाढली आणि लव्हाळ्याचं तण गुडघ्याला लागलं. नर्मदाबाई म्हणाल्या, दोन बाया लावू, दिवसभरात निंदून होईल. भाऊंनी कीव केल्यासारखं हसून स्कूटर काढली आणि ते वसईच्या बाजारात सदानंदच्या शेती-औषधांच्या दुकानी गेले.

"कोवळी रोपं आहेत ना?" सदानंदने बजावलं. "मग सांभाळून, काका. हे तणाचं औषध हिरवं दिसेल ते जाळतं. रोपावर थेंब उडता कामा नये. रोपं झाका आणि मगच मारा."

घरी आल्यावर भाऊंनी बाटलीवरची मुंगीएवढ्या अक्षरांची कंपनीची चिठ्ठी खरवडून काढली आणि आपली स्वतःची चिकटवली. पडवीतल्या फळीवर त्यांची शिस्तच तशी होती. केळीचं औषध, पानवेलीचं औषध, एकेका पिकाची एकेक बाटली, ठळक अक्षरात! नव्या बाटलीवर त्यांनी लिहिलं, 'रासबेरीचं औषध'. तणाचं नाव घालायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आपल्या वाडीत तणाला खातंच नाही, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी सकाळी झाकाझाकी सुरू झाली. चाळीस रोपं म्हणजे चाळीस भांडी! पातेली गेली, डबे गेले, बादल्या गेल्या, देवाच्या पूजेची कळशीही गेली. चाळिसाव्या रोपाला काहीच उरेना, तेव्हा भाऊंनी कुकर उचलला.

"अहो, त्यात डाळ आहे!"

"मग डाळ दुसऱ्या भांड्यात काढ."

"कुठल्या?"

घरात खरोखरच दुसरं भांडं नव्हतं. डाळ शेवटी बेसिनमध्ये गेली.

वाफ्यांत चाळीस भांडी पालथी पडलेली बघून खाडीकडचा शत्रुघ्न, भाऊंचा शाळेतला दोस्त, रस्त्यावरूनच ओरडला, "काय रं दिवाकर, कोनाचं लगीन हाय?"

"विज्ञान चाललंय!" पाठीवर पंप चढवत भाऊ म्हणाले.

विज्ञान दोन तास चाललं. संध्याकाळी भाऊंची कंबर धरली ती इतकी की, त्यांना बूटही काढता येईनात. मुलगा केयूर येऊन त्यांना एव्हरशाईन सोसायटीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. "पप्पा, चार दिवस फुल रेस्ट! हलायचं नाही!" मागे नर्मदाबाई राहिल्या आणि चाळीस भांडी राहिली. ती त्यांनी राखेने, चिंचेने आणि तोंडाने, अशी तीनदा घासली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अहो, तुमच्या रासबेरीत सगळं पिवळं पिवळं दिसतंय."

भाऊ उशीवरून अर्धे उठले. वाफ्यात पिवळं पडलंय म्हणजे लव्हाळा मरतोय! "वा! लागू पडलं म्हणायचं!"

"कसलं लागू पडतंय? एवढ्याने काही व्हायचं नाही. आणखी काहीतरी मारायला हवं."

लव्हाळा अजून जीव धरून आहे, असा अर्थ भाऊंनी लावला. खरं तर पानं पिवळी पडली होती ती रासबेरीची, मुळांशी पाणी साठल्यामुळे. आणि नर्मदाबाईंचा जीव कळवळला होता. अट असली म्हणून काय झालं? कोवळं रोप कोमेजताना वाडीतल्या बाईला बघवत नाही.

"मग मार की!" भाऊ म्हणाले. "फळीवर बाटली आहे, नाव लिहिलंय. पंपाला अर्धी वाटी. एकही सुटता कामा नये!"

"आणि भांडी?" नर्मदाबाईंचा आवाज तापला.

ह्या आवाजाला भाऊ छत्तीस वर्षं ओळखून होते. "छे छे! भांड्यांचं नावसुद्धा काढणार नाही मी! अजिबात नको भांडी!"

माघार इतकी घाईची नसावी! रविवारी भाऊंनी पंपात कुठली बाटली ओतली, ते डाळीच्या गडबडीत नर्मदाबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी फळीवर नजर टाकली. केळीच्या औषधाने केळी सुधारते, पानवेलीच्या औषधाने पानवेल सुधारते. रासबेरीचं औषध समोरच होतं. त्यांनी ते मारलं, आणि मन लावून मारलं! पानवेलीवर वाढलेला हात तो. प्रत्येक पान वरून न्हाऊ घातलं, उलटून खालूनही न्हाऊ घातलं.

रविवारी भाऊ कंबरपट्टा लावून आले. वाफ्यात चाळीस काळ्या काड्या उभ्या होत्या. मधून नवा लव्हाळा हिरवागार डुलत होता.

"नर्मदे!!! काय मारलंस?"

"तुम्ही सांगितलं ते. रासबेरीचं औषध!"

"अगं, ते रासबेरीचं नाही, तणाचं!"

"मग रासबेरीचं का लिहिलंत?"

"रासबेरीत मारायचं म्हणून!"

"डोळ्यांचं औषध डोळ्यांना बरं करतं. हो की नाही?"

"आणि उंदराचं औषध?" भाऊ ओरडले. "उंदराला बाळसं आणतं का?"

"मग रासबेरीला काय उंदीर समजून लावलीत?"

 भाऊंनी शत्रुघ्नला साक्षीला बोलावलं. त्याने बाटली वाचली, काड्या मोजल्या, पुन्हा बाटली वाचली.

"दिवाकर, वैनी वाचून वागल्या," तो म्हणाला. "लिवनारा कोन?"

दसऱ्याला वाफ्यात रासबेरीचं एक हिरवं पान नव्हतं. अट म्हणजे अट! नर्मदाबाईंनी मोगऱ्याच्या काड्या लावल्या. कंबर बरी झाल्यावर भाऊंच्या हातात खुरपं आलं आणि ते रोज सकाळी मुकाट्याने निंदायला बसू लागले.

दसरा होऊन आठवा दिवस. भाऊंचं खुरपं अचानक थांबलं. मोगऱ्याच्या काड्यांमधून लालसर, काटेरी, बोटभर कोंब वर आला होता. पलीकडे दुसरा. विहिरीकडे तिसरा! औषधाने वरचं जाळलं होतं, मुळं मात्र शाबूत होती.

"नर्मदे! धाव! रासबेरी! जगली गं, जगली!" भाऊंचे डोळे भरून आले. वाडीत काही आपल्या हाताने जगलंय असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

नर्मदाबाई आल्या, वाकल्या, त्यांनी कोंब नीट पाहिला.

"दसरा कधी झाला?"

 तारीख उलटून गेलेला कागद भाऊंनी एकतीस वर्षांत एकदाही आत घेतला नव्हता.

"एक तरी ठेवू? कोपऱ्यातला?"

"तुम्हीच सांगा," नर्मदाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "मोगऱ्याच्या वाफ्यात मोगऱ्याशिवाय जे उगवतं, त्याला काय म्हणतात?"

भाऊंनी कोंबाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा कोंबाकडे पाहिलं.

"तण," ते म्हणाले आणि खाली वाकले.

रासबेरीला एवढे काटे असतात, हे त्यांना उपटतानाच कळलं.