भिंती ढकलणारे वसंतनाना

नवी भिंत दिसली की वसंतनाना तिच्यासमोर गुडघे टेकतात. नमस्कारासाठी नाही. दोन्ही हात जमिनीवर, मान खाली, आणि उजव्या खांद्याने भिंतीला एक सणसणीत धक्का. मग भिंतीच्या बुडाची माती बोटांनी उकरून बघायची, उभं राहायचं, पायजम्याचे गुडघे झटकायचे आणि निकाल द्यायचा. "दोन दिवस."

म्हणजे रानडुकराला ही भिंत पार करायला दोन दिवस लागतील.

सावद्याच्या एका नव्या मंगल कार्यालयाच्या कंपाउंडला त्यांनी ऐन लग्नात "अर्धा तास" दिला होता. वरात दारात, बँड वाजतोय, आणि मुलीकडचे एक वडीलधारे गृहस्थ चार पायांवर. मुलाकडच्यांना वाटलं, नानांना भोवळ आली. कुणीतरी कांदा आणायला धावलं.

मी जळगावला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढते. नाना पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी सरांच्या केबिनची भिंत ढकलली. ती प्लायवुडची होती. सरांच्या तीन प्रमाणपत्रांच्या फ्रेम्स खाली आल्या.

"हे तं पिल्लूबी पाडीन," नाना म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

ते आले होते त्याला कारण होतं. रावेरच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक छोटं प्राणिसंग्रहालय आहे. तिथल्या रानडुकरांच्या पिंजऱ्याचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. कागदावर तो फार देखणा होता. वळणदार पायवाट, फुलझाडांचा वाफा, बारीक जाळी. सातही डुकरं पहिल्याच आठवड्यात जाळीखालून उकरून बाहेर पडली आणि थेट नानांच्या केळीच्या बागेत शिरली. नाना तीस वर्षं रानडुकरांशी लढत होते. त्यांनी फटाके वाजवले नाहीत, आरडाओरडा केला नाही. त्यांनी प्राणिसंग्रहालयाला निरोप पाठवला, "तुमचे पाहुने आमच्याकडे जेवू राह्यले. झालं की घेऊन जा."

आणि दुसऱ्या दिवशी ते ही जाळी कागदावर काढणारा माणूस बघायला जळगावला आले.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी संगणकाच्या पडद्यामागे शक्य तेवढी लहान झाले.

"तू काढली व्हय, माय?" नानांचा आवाज एकदम मऊ झाला. "चांगली हाये. पन डुकराले इचारलं होतं का?"

हे त्यांचं पालुपद. दार किती उंच? डुकराले इचारलं का? फरशी कोणती? डुकराले इचारलं का? पिंजरा नव्याने बांधायचं ठरलं. सल्लागार हे पद त्यांना कुणी दिलं नाही. ते रोज साइटवर यायला लागले आणि कुणी नको म्हणालं नाही, एवढंच.

मी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, एसटीने साइटवर जायचे. नाना काठीने मातीत नकाशा काढायचे आणि मी तो वहीत उतरवायचे. भिंतीचा पाया दोन हात खोल. त्याला आतल्या बाजूने जमिनीखाली काँक्रीटची आडवी जीभ. "डुक्कर भिंतीले लागूनच उकरते. चार पावलं मांगं सरून उकरायची अक्कल त्याले नाही. मानसालेबी नाही." खाणं तीन ठिकाणी टाकायचं. "एकाच ठिकानी टाकलं तं मोठा खाते अन् बाकीचे पाहतेत. लग्नात नाही पाह्यलं का?" लोळायला चिखलाचा खड्डा, पाठ घासायला बाभळीचे ओंडके. शत्रूसाठी घर बांधताना इतके लाड करणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी फक्त ओंडक्याची जाडी विचारली.

चूक एकदाच झाली आणि ती आम्हा सगळ्यांची होती. पिंजऱ्यात सावली हवी होती. सर म्हणाले, कडुनिंब लावू. नाना म्हणाले, कडुनिंब वाढेस्तोवर डुकरं म्हातारी होतील. आणि त्यांनी आपल्या बागेतली बारा वाढलेली केळी आणून लावली. माळी रावेरचा, गवंडी सावद्याचा, ट्रॅक्टरवाला फैजपूरचा. सगळे केळीवाले. सावली म्हटली की केळीच डोळ्यासमोर येणारी माणसं. बाराही झाडांना पाणी घातलं, कौतुकाने फोटो काढले आणि मग डुकरं आत सोडली.

दुपारच्या जेवणाआधी सुकलालभाऊ धावत आले. हे डुकरांचे राखणदार, धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे.

"नाना, बठ्ठं खायी टाकं त्यास्नी!"

बाराही झाडं आडवी. कंद उकरून फस्त. नाना जाळीला नाक लावून एकेक बुंधा मोजत होते. मग म्हणाले, "तीस वरीस राखली ह्याईच्यापासून. आज सोताच्या हातानं वाढली." आणि इतके हसले की सुकलालभाऊंना त्यांना धरावं लागलं.

डुकरं नव्या घरात टिकली. मग शेजारच्या पिंजऱ्यात पेकारी नावाचे अमेरिकेतले प्राणी आले. नर-मादीची जोडी, दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयातून अदलाबदलीत मिळालेली. बकरीच्या पिल्लाएवढे, काटकुळ्या पायांचे, गळ्यात फिक्या केसांचा पट्टा. पाटीचा मजकूर मी लिहिला होता. 'दिसायला डुकरासारखा, पण डुकराच्या कुळातला नाही.'

नानांनी पाटी दोनदा वाचली. "मंग कोनाचा?"

"लांबचा नातेवाईक, नाना."

"म्हंजे माह्या पोरासारखा. पुन्याले असते."

पेकारींच्या पाठीवर एक ग्रंथी असते. ते एकमेकांना खेटून उभे राहतात आणि अंग घासून एकमेकांना आपला वास लावतात. कांदा, घाम आणि भिजलेलं गोणपाट एकत्र केल्यावर जो वास येईल, तो. लोक नाक धरून पुढे जायचे. नाना मात्र तिथेच रेंगाळायचे. "दोघं सारखे चिकटेल राह्यतेत," ते म्हणायचे, "नवं लगीन हाये."

हिवाळ्यात नर पोटाच्या आजाराने मेला.

मादीने खाणं सोडलं. भिंतीला पाठ लावून पडून राहायची. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं. हा कळपातला प्राणी आहे, एकटा जगत नाही. कुठे कळप आहे का, ते शोधतोय. तोवर तिने खाल्लं पाहिजे, नाहीतर शोधूनही उपयोग नाही.

नानांनी सुचवलं, मधल्या भिंतीला खिडकी पाडू, डुकरांची तरी सोबत होईल. डॉक्टर नको म्हणाले. एकमेकांचे आजार लागतील, शिवाय डुकरं तिला फाडतील. नाना वाद घालतील म्हणून आम्ही तयारीत होतो. ते काठी उचलून पिंजऱ्यामागे गेले. वाद न घालणारे नाना मला खटकले.

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी परतीच्या एसटीत चढले तर गाडी खच्चून भरलेली, आणि नानांशेजारची जागा मात्र रिकामी. पुढच्या बाईंनी नाकाला पदर लावलेला. कंडक्टर दुरूनच तिकीट देत म्हणाले, "नाना, पानी नाही का गावात?"

"हाये ना भो. प्यायले लागते."

मी नानांजवळ बसले. दुसरी जागा शोधायला सगळ्यांसमोरून चालत जाण्यापेक्षा ते सोपं होतं. वास ओळखीचा होता. कांदा, घाम, गोणपाट.

मंगळवारी दुपारी मी पेकारीच्या पिंजऱ्यामागे गेले. नाना पोतं टाकून, जाळीला पाठ लावून बसले होते. आतल्या बाजूने ती, त्यांच्या पाठीला पाठ लावून. नानांच्या मांडीवर डबा, तिच्यापुढे रताळ्याचे काप. नाना घास घ्यायचे, ती चावायला लागायची. नाना थांबले की ती थांबायची.

"हलू नको," नाना मान न वळवता म्हणाले. "जेवू राह्यली."

सुकलालभाऊ हळूच म्हणाले, "रोजनं शे हाई. वीस दिन व्हयी ग्यात."

मी उभीच राहिले. मग विचारलं, "नाना, तुम्ही घरी नाही जेवत?" मोजमाप सोडून त्यांना विचारलेला हा माझा पहिलाच प्रश्न.

"घरी कोनासंगं जेवू?" भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला तेव्हा कळलं. "भाकर थापतो, ताट वाढतो, अन् मंग ताटाकडे पाहत बसतो. इथी हिच्यासंगं दोन जातेत."

महिन्याभराने डॉक्टरांना एक प्राणिसंग्रहालय सापडलं. तिथे सहा पेकारींचा कळप होता. तिथल्या लोकांनी या मादीच्या सवयी इंग्रजीत लिहून मागवल्या. तोवर ती चांगली खायला लागली होती आणि आमच्याकडचे काहीजण म्हणू लागले, आता कशाला पाठवायची? लोक बघायला येतात, नानाही आहेत.

नाना असे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "माह्या पाठीवर किती दिवस काढीन ती? मी अडुसष्टचा हाये! तिले तिची मानसं पाह्यजेत." मग माझ्याकडे वळले. "तुले इंग्रजी येते ना? मंग बस. लिही."

मी लिहिलं. तिला रताळं सालासकट लागतं. मोटारसायकलच्या आवाजाला भिते. उजव्या अंगावर टेकते, म्हणून उजवीकडे जागा सोडावी. एकदम कळपात सोडू नये, आधी आठ दिवस जाळीतून पाठीला पाठ लागू द्यावी. तिला एकटीला वाढू नये. दोन पानं झाली. नानांना इंग्रजी येत नाही, तरी त्यांनी ते सगळं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि शेवटी मान हलवली. "बराबर."

ती ज्या सकाळी गेली त्या सकाळी नानांनी आपला जुना सदरा तिच्या प्रवासाच्या पेटीतल्या गवतावर टाकला. ट्रक वळणाआड गेला तेव्हा ते चुन्याची डबी उघडण्यात फार गुंतले होते.

दुपारी ते नेहमीच्या पोत्यावर होते. डबा बंद. मी एरवी माझा डबा स्टोअररूममध्ये, सिमेंटच्या पोत्यांकडे तोंड करून खाते. त्या दिवशी नानांजवळ बसून उघडला.

"हे काय?"

"पास्ता."

त्यांनी दोन बोटांनी एक उचलला, चावला आणि बराच वेळ विचार केला. "आजारी हायेस का?" मग त्यांनी स्वतःचा डबा उघडला आणि माझ्या झाकणात ठेच्याचा गोळा ठेवला.

पुढच्या महिन्यात तिकडून फोटो आला. उन्हात सात पेकारी एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे झोपलेले. पाय कुणाचे, डोकी कुणाची, कळत नव्हतं. नानांनी माझा फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"आपली कोनती?"

मी पाहिलं, सुकलालभाऊंनी पाहिलं, डॉक्टरांनीही पाहिलं. कुणालाच सांगता येईना.

"नाही ओयखू येत?" नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि भाकर मोडली. "मंग बरं झालं."