कटकटीचा कायमचा पत्ता

टीव्ही वाहिनीच्या वेबसाइटवर प्रत्येक कार्यक्रमाला कायमचा पत्ता द्यायची अक्कल जावईबापूंची! अख्खं सासर त्यांना याच नावानं ओळखतं. मालिकेची वेळ बदलली की तिची लिंक बंद पडायची आणि प्रेक्षक शिव्या घालायचे. "आता बघाच!" जावईबापूंनी ऑफिसात छाती फुगवून सांगितलं. "कार्यक्रम संपेल, पत्ता संपणार नाही. एकदा टाकलेलं पान मला स्वतःलासुद्धा पुसता येणार नाही!" टाळ्या पडल्या. त्यांच्या बॉस मॅडमनी तर सगळ्यांना चहा पाजला.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. हे जमतंय का बघायला त्यांनी एक खोटंच पान बनवलं. नेमकं त्याच सकाळी सासूबाईंनी फोनवर त्यांच्या बसण्याउठण्याची, खाण्यापिण्याची यथेच्छ चिरफाड केली होती. बोटं आपोआप चालली, 'सासूबाईंची कटकट! लवकरच येत आहे!' आणि पान गेलं की जगासमोर, पत्त्यासकट!

"मॅडम, एवढं एक पान काढा हो!"

"मी कशी काढणार? कुलूप तुम्हीच घातलंत!"

मग त्यांनी नाव बदलून 'सासूबाईंची माया' केलं. खाली लगेच झळकलं, 'पूर्वीचं नाव: सासूबाईंची कटकट'. जुन्या नावानं शोधणाऱ्यालाही पान सापडावं, ही हुशारीसुद्धा त्यांचीच!

दुपारपर्यंत लिंक घराघरांत फिरली. "कधी सुरू होणार?" म्हणून प्रेक्षकांनी भंडावून सोडलं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"आईकडे पोचलीय हं ती लिंक! मी मध्ये पडणार नाही. तू घोळ घातलास, तूच निस्तर!"

सासूबाई रुसल्या की महिनोन्‌महिने अबोला! आणि खरं सांगायचं तर त्या कितीही बोलल्या तरी जावईबापूंचा त्यांच्यावर फार जीव होता.

फोन पुन्हा वाजला. सासूबाईच!

"जावईबापू, तो कटकटीचा कार्यक्रम तुमचा का?"

"आई, ते... चुकून..."

"चुकून कसलं? शाबास! माझ्या सासूबाईंनी मला किती छळलं, त्यावर आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. जीव कसा थंड झाला बघा!"

जावईबापू आनंदानं खुर्चीतून उडालेच! "हो हो, आई! त्यांच्यावरच आहे! खास तुमच्यासाठी काढलाय!"

"वाटलंच मला! मग उद्याच येते राहायला. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. शंभर भाग तर सहज होतील!"