माशी काढायचं हत्यार

आमचा बाळ्यामामा हातोडी विकत घेण्याआधी दातावर वाजवून बघायचा. हातोडीच काय, पक्कड, कानस, पंच, काहीही. डोळे मिटून, मान तिरकी करून दोनदा टिकटिक करायचा, मग सदऱ्याला पुसून ते दुकानदाराला परत द्यायचा. "ह्याला अक्कल न्हाय," हा निकाल ठरलेला. भिवंडीच्या बाजारातल्या एका दुकानदारानं शेवटी वैतागून त्याला विचारलं होतं, "चाचा, खरीदना है कि खाना है?" मामाला त्यात काही अपमान वाटला नाही. अपमान कळायला लागते तेवढी बुद्धी त्याच्याकडे असेल असं मला तरी कधी वाटलं नाही.

तसा तो भिवंडीतच कामतघरला लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तिथे हाताला लागेल त्या पान्यानं ठोकाठोक करून शिफ्ट चालू करून द्यायचा. नखरे सगळे घरच्या रायफलीसाठी राखून ठेवलेले.

ही रायफल आजोबांनी कुणा शिकारी साहेबाकडून घेतली होती. लायसन थोरल्या मामाच्या, म्हणजे बाळ्यामामाच्या भावाच्या नावावर, पीक राखण्यासाठी. दसऱ्याला पूजा झाली की आंब्याला नारळ टांगायचा, थोरल्या मामानं एका गोळीत तो फोडायचा, आणि मग भात कापून होईपर्यंत रानडुकरांवरची राखण त्याची. गावात त्याला मान होता तो एवढ्यावरच. पण सलग तीन दसरे नारळ अख्खा राहिला आणि त्याचा मुलगा शंकर, जो ट्रक चालवायचा, तो रायफल आता माझ्या नावावर करा म्हणून मागे लागला.

बाळ्यामामाचं म्हणणं, दोष माशीचा आहे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारका खुंट, ज्यावरून नेम धरतात. ती आडव्या खाचेत घट्ट बसवलेली असते. जुनी झाली की गंजून बसते आणि एका बाजूनं ठोकून सरकवावी लागते. अर्ध्या तासाचं काम, पण मामाला त्यासाठी हत्यारच, म्हणजे माशीवर टेकवून ठोकायचा पंच, पसंत पडेना. पोलादी पंच नको, नळीला ओरखडे पडतील. तांब्याचा नको, चेपेल. लाकडाचा नको, फुटेल. पितळेचाच पाहिजे, पण कुठल्या पितळेचा? मी वर्कशॉपात टर्नर, तेव्हा लेथवर एक सुरेख पितळी पंच काढून दिला. त्यानं तो दातावर वाजवला आणि म्हणाला, "ही नळाची पितळ हाय. जल्मभर पानी प्याली, ती काय ठोकनार?" मी दुसरा काढला, तिसरा काढला. वाइसच्या जबड्यात आवळताना नळीला वळ उठू नये म्हणून मागाला लागणाऱ्या रेड्याच्या कातड्याचा जाड तुकडाही कापून आणला, तर तो रेडा त्याला म्हातारा वाटला. गाव त्याला हसायचं. मी हसण्याच्या पलीकडे गेलो होतो.

मग गावानं ठरवलं की या दसऱ्याला नारळ फुटला नाही, तर रायफल शंकरची. मी आदल्या दिवशीच माशीवर रॉकेल सोडून ठेवलं. सकाळी पंच, हातोडी, कातडं घेऊन गेलो आणि मामाला म्हटलं, तू नुसता बघत बस. दोन-चार ठोक्यांत माशी सुटली. खाच घासून साफ केली, माशी परत बसवली, नळीवरून दोरा ताणून बघितला. केसाचाही फरक नव्हता. मोठ्या तोऱ्यात मामाकडे वळलो, तर तो घामाघूम. आपलं पितळ उघडं पडलं म्हणून लाजला असेल, असं मला वाटलं.

दुपारी सगळे आंब्यापाशी जमले. थोरल्या मामानं रायफल खांद्याला लावली, बराच वेळ नेम धरला. गोळी सुटली आणि मागच्या उंच बांधावर माती उडाली. आम्ही दोघं त्याला खेटूनच उभे होतो. तो अगदी हळू म्हणाला,

"फुटला का रं, बाळ्या?"

नारळ त्याच्या समोर लोंबत होता.

शंकर रायफल घ्यायला पुढे आला, तोच बाळ्यामामा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "माशी मी वाकडी बसवली. भाचा सांगत व्हता, मीच ऐकलं न्हाय. दादाची नजर काय करील त्याला?"

सगळे खो खो हसले. याच्या हाताखालचे लूम चालतात तरी कसे, असं कुणी म्हणालं. आणखी एक वर्ष द्या, म्हाताऱ्याची काय चूक, असं दुसऱ्यानं म्हटलं आणि तेच ठरलं. शंकर धुसफुसत निघून गेला. माशी कशी बसली होती ते मला माहीत होतं. भावाला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं सोडून हा शहाणा तीन वर्षं पितळ निवडत बसला होता आणि गावाचं हसू स्वतःवर ओढून घेत होता. मला त्याचा संताप आला, आणि संतापातच डोळे भरून आले.

घरी जाताना ते दोघं पुढे होते. बाळ्यामामानं उरलेली काडतुसं काढून स्वतःच्या खिशात टाकली, रायफल आपल्या खांद्याला अडकवली आणि भावाचं कोपर धरलं.

"दादा, बांध आला. पाय उचल."

"दिसतोय मला," थोरला मामा म्हणाला आणि बांध दोन पावलांवर असतानाच त्यानं पाय उचलला.