गल्लीत टेप निघाला

"लांबी, बेरीज आणि लोकमत, तिन्ही धडे एका सकाळी शिकवतो! वर गटारही मिळवून देतो!" बन्यामीन मास्तरांनी ओट्यावरून जाहीर केलं.

"आधी चहा घ्या," दयाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या घोषणा त्यांना पाठ होत्या.

पण या वेळी मास्तरांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. कारेगावच्या कारखान्यांना लागून असलेली ही वस्ती, आणि मास्तरांचं घर उताराच्या अगदी टोकाला. अख्ख्या गल्लीच्या आंघोळीचं पाणी वाहत येऊन त्यांच्या फाटकापाशी बसायचं, ते पाहुण्यासारखं हलायचंच नाही! निवृत्तीनंतर मास्तर ओट्यावर गल्लीतली पोरं शिकवत. आता पोरांच्या आयांनी बजावलं होतं, "मास्तर, पोरं पाढे कमी आन् डासांचे फोड जास्त घेऊन येतात. बंद गटार होईस्तोवर शिकवणी बंद!"

पंचायतीचे सदस्य हौसराव म्हणाले होते, "गल्ली किती लांब आन् राहतात किती, एवढं सांगा. माणसं बघून पाईप ठरतो."

एवढंच ना? मास्तरांनी नात स्वीटी आणि शिकवणीतले हर्षदा, रुद्र यांना घेतलं, टेप काढला आणि हरिबांच्या दारापासून मोजणी सुरू केली.

टेपची पिवळी पट्टी रस्त्यावर सळसळली आणि हरिबा दाढी अर्धी ठेवून बाहेर धावले. एका गालावर साबण तसाच!

"मास्तर, टेप कशापायी?"

"गल्ली मोजतोय."

"आज गल्ली मोजतील, उद्या घर मोजतील! घरपट्टी वाढवायचं चाललंय व्हय?"

"अहो, गटारासाठी आहे!"

"मागल्या बारीलाबी पाण्यासाठी म्हणून आले, आन् पट्टी वाढवून गेले. पाणी अजून यायचंय!"

हरिबांचं घर पंचायतीच्या कागदावर दोन खोल्यांचं होतं. प्रत्यक्षात वरचा मजला बघायचा तर टोपी धरावी लागे! बापजाद्यांनी मेंढरं राखली, हरिबांनी खोल्या राखल्या. प्रत्येक खोलीत भाड्यानं कंपनीची पोरं.

हर्षदानं वही उघडून विचारलं, "आप्पा, घरपट्टीबद्दल तुमचं मत काय?"

"लिही! पट्टी वेळेवर मागतात, आन् कचऱ्याची गाडी? गाणं वाजवत येती आन् बादली उचलीस्तोवर पसार!"

"आणि घरात राहतं कोण कोण?"

"मी आन् गिताबाई. संपलं."

तेवढ्यात वरच्या मजल्यांवर एकापाठोपाठ एक कुकरच्या शिट्ट्या झाल्या. रेल्वे स्टेशनच जणू!

"मग हे कुकर कुणाचे?" रुद्रला राहवेना.

"पाहुण्यांचे!" गिताबाई आतून ओरडल्या.

"कधी आले?"

"जत्रेला!"

"जत्रा तर उन्हाळ्यात झाली."

"मग आमचे पाहुणे लगेच हाकलू का काय? लिही तू, दोन!"

मास्तर कपाळाला हात लावेपर्यंत बातमी मोबाइलवरून गल्लीभर पोचली होती. शेजारच्या संपतच्या घरी जिन्यावर ताडपत्री लटकत होती आणि खालच्या खोलीसमोर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. दाराशी एक शेळी बांधलेली, तीही भांबावलेली.

"हा गोठा हाय," संपत म्हणाला.

आतून आवाज आला, "भैया, पानी आया क्या?"

"आबा!" रुद्र आनंदानं उडाला. "शेळी हिंदी बोलती!"

पुढच्या घरच्या साळूबाईंनी तर बाकीच्यांवर कडी केली. "बांधकाम अपुरं हाय, वर चिटपाखरू न्हाई!" आणि त्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर निळ्या गणवेशांची रांग वाळत होती.

"मग हे कपडे?"

"पोरी, दृष्ट लागू नये म्हणून टांगलेत!"

एकानंही खरं सांगितलं नाही. पोरं मात्र प्रामाणिकपणे लिहीत गेली. त्यांना काय, जो तो जे बोलेल ते लोकमत!

शेवटी मास्तर स्वतःच्या घरी पोचले. निदान इथं तरी खरा आकडा मिळणार! स्वीटी म्हणाली, "आज्जी, मागच्या खोलीतले ते दोन दादा लिहू ना?"

"ते कुठं राहतात? प्रार्थनेला येतात ते."

"पण ते तर घोरतायत."

"डोळे मिटून प्रार्थना करतात हो एकेक जण!" दयाबाईंनी भाजी चिरायला घेतली. मास्तरांनी तोंड उघडलं, पण विळीकडं बघून मिटलं.

संध्याकाळी हौसराव आले. त्यांच्यामागं सारी गल्ली हाताची घडी घालून उभी! पोरांनी बेरीज मोठ्यानं वाचली, "एकूण माणसं, चौदा!"

"हौसराव," मास्तर उठले, "यात जरा..."

अख्खी गल्ली एकदम खोकली.

"बरोबर हाय हिशेब," हौसराव घाईघाईनं म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्याही खोल्या होत्याच की! "आम्हीबी दोघंच धरा."

ठराव झाला, पाईप आला. मनगटाएवढा! सोळा माणसांना भरपूर. त्यावर माती पडली, नारळ फुटला, आणि दुसऱ्याच पहाटे पहिल्या पाळीची पोरं एकदम आंघोळीला बसली. सारी गल्ली त्या मनगटातून निघाली आणि मास्तरांच्या फाटकापाशी कारंजं उडालं! साबणाच्या फेसाचं, सुवासिक, ओट्यापर्यंत!

तासाभरात सगळे जमले. आया पोरांना दंडाला धरून उभ्या.

"मास्तर, तुमच्या पोरांचं गणित चुकलं!" साळूबाई कडाडल्या.

"आबा, आमची बेरीज चुकली का हो?" हर्षदा रडवेली झाली.

"नाही गं बाळा. बेरीज बरोबर आहे." मास्तरांनी धोतर वर धरलं आणि गल्लीकडं पाहिलं. "मोठा पाईप मिळेल. पण माणसं खरी सांगावी लागतील."

जो तो दुसऱ्याच्या वरच्या मजल्याकडं बघू लागला. मग हरिबा हळूच पुढं झाले.

"मास्तर, तुम्ही गणितातले. एक आकडा काढून द्या. किती माणसं दाखवली म्हंजी पाणी जाईल, पर घरपट्टी येणार न्हाई?"

सगळ्या माना मास्तरांकडं वळल्या. पोरांचे डोळे तर कुतूहलानं बशीएवढे झालेले! मास्तरांनी आकाशाकडं पाहिलं, दयाबाईंकडं पाहिलं, मागच्या खोलीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आलेल्या दोन भक्तांकडं पाहिलं, आणि घसा साफ केला.

"हे उदाहरण," ते म्हणाले, "पुढच्या इयत्तेत आहे."