गिअरला अडकवलेली पिशवी

मोटारीच्या गिअरच्या दांडीला पिशवी अडकवू नये, असं बालसंगोपनाच्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. (मी तीन वाचलीत. एक दोनदा.) आमच्या जुनाट गाडीची ती दांडी स्टिअरिंगखालून अशी बाहेर आलेली, की कुणी खास माझ्यासाठीच खुंटी ठोकून ठेवली असावी. मांडीवर सहा महिन्यांची अरुंधती होती, म्हणून पिशवी मी खुंटीला लावली. आत दुधाच्या दोन बाटल्या, थर्मास, ग्राइप वॉटर, आठ लंगोट आणि लागलाच तर असावा म्हणून वातीचा स्टोव्ह. गिअर जड लागतोय, असं हे दोनदा म्हणाले. मी म्हटलं, आता पोचलोच.

निघालो होतो इतवारीला, माझ्या माहेरी. अरुंधतीचं उष्टावण होतं. पहिला घास मामानं भरवायचा, आणि मामा म्हणजे माझा भाऊ वसंत फौजेत. दुपारी दोनच्या गाडीनं तो परत जाणार, पुढची सुट्टी वर्षानं. मामाच्या हातचा घास चुकला तर पोर जन्मभर जेवणाला रडवतं, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. मी शिकलेली असल्यामुळे यावर विश्वास ठेवला नाही. फक्त दोन रात्री झोपले नाही.

दिवस होता पोळ्याचा दुसरा. त्या दिवशी इतवारीत मारबतीची भलीमोठी मूर्ती निघते आणि तिच्यामागून बडगे, म्हणजे वर्षभर ज्या ज्या गोष्टीनं लोकांना छळलं तिचे बांबू-कागदाचे पुतळे. "इडापीडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत ते गावाबाहेर न्यायचे आणि जाळायचे. रिक्षानं जाऊ, असं हे म्हणाले होते. रिक्षात पोरीला वारा लागेल, असं मी म्हणाले होते.

शहीद चौकाच्या अलीकडे ह्यांनी गिअर बदलला. टण्ण झालं, आणि दांडी पातळ वरणातल्या पळीसारखी लुळी पडली. केबल तुटली होती. हे उतरले, बॉनेट उघडलं, सदरा काढून गाडीखाली शिरले आणि काळ्या तोंडानं बाहेर आले. तेवढ्यात मिरवणूक येऊन आमच्या भोवती भरली. पुढे हातगाडीवर रॉकेलटंचाईचा बडग्या, मागे भलामोठा डास, आणि मधे आम्ही.

गुलालानं माखलेले एक गृहस्थ (हे देवाजी, असं नंतर कळलं) गाडीभोवती कौतुकानं फिरले. कोण्या मंडळाचा बडग्या व्हय गा हा, असं त्यांनी ह्यांना विचारलं.

"ही माझी गाडी आहे," हे म्हणाले. "आत माझं कुटुंब आहे."

"तेच त म्हणतो. मस्त जमवलं." मग त्यांनी खिडकीतून डोकावून अरुंधतीचा गाल दाबला. ती किंचाळली. "पोट्टं त खरं दिसून राहिलं गा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या आणि वीसेक हात गाडीला लागले. गाडी हलली तसे हे कसेबसे आत शिरून स्टिअरिंगशी बसले. खटारे घेऊन जाय गे मारबत! हे ओरडून सांगू लागले की आम्ही पुतळे नाही. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. हळूहळू ह्यांचं ओरडणं थांबलं. थोड्या वेळानं पाहते तर हे खिडकीबाहेर हात काढून लोकांना नमस्कार करत होते.

मला मात्र एकच आठवत होतं, की बडगे शेवटी जाळतात. त्यात घड्याळ एक वाजून गेल्याचं सांगत होतं. माहेरचं घर रस्त्यावरच, पण थांबा म्हटलेलं ऐकतो कोण? गॅलरीतून आई बडगे बघत होती. आम्हाला बघून तिनंही आधी हात जोडले. मग तिनं चष्मा नीट केला आणि वसंताला हाक मारली.

वसंत बूट न घालताच खिरीची वाटी घेऊन धावला. फौजेत शिकलेला सगळा रेटा लावत गर्दी कापून तो खिडकीशी आला आणि गाडीबरोबर चालू लागला. "तोंड उघड वं बाई, मामाले गाडी गाठायची हाय." अरुंधतीनं तोंड उघडलं, घास गिळला आणि दुसरा मागितला. मी रडले. वसंत तसाच स्टेशनकडे पळाला; बूट मागून आईनं पाठवले.

जाळायच्या जागी आम्ही खरे असल्याचं देवाजींना एकदाचं पटलं आणि त्यांच्याच मंडळानं गाडी परत माहेरी ढकलून आणली. दुसऱ्या दिवशी नत्थू मिस्त्रींनी नवी केबल घातली. दांडीला काही लटकवत होता काय, असं त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे बघायच्या आत मी अरुंधतीचा लंगोट बदलायला घेतला. तो कोरडाच होता.

आठवड्यानं आम्ही माहेरी असताना देवाजी नारळ घेऊन आले. मंडळाची बैठक झाली होती. पुढच्या साली आमचाच देखावा पाहिजे, असं एकमतानं ठरलं होतं. ह्यांची छाती फुगली. गाडी तोवर रंगवून ठेवतो, असं ह्यांनी कबूलही करून टाकलं.

"गाडी कोणतीबी चालंल, साहेब," देवाजी नम्रपणे म्हणाले. "बाई तेवढ्या ह्याच बसवा. असा भेदरलेला चेहरा आमच्या पोट्ट्याइले कागदाचा बनवता येत नाही."