मास्तरांचं दीड मिनिट

"वेळेचं काय असेल ते माझ्यावर सोपव!" हे वाक्य घड्याळजी दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली की माणसाला वाटायला लागतं, वेळ आपण तयार करतो, बाकीचे नुसती वापरतात. त्या शनिवारी जेवताना त्याने ते बायकोला ऐकवलं.

"मास्तर उद्यापासून खेळायला येत नाही म्हणतोय. पण मी त्याला आणणार. आणि जिंकवणार!"

"खेळणार भावजी, आणि जिंकवणार तुम्ही?"

"गंमत बघ."

"तुमची गंमत झाली की लोकांची समजूत मला काढावी लागते," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

मास्तर म्हणजे शेजारच्या गाळ्यातले शिंपी. तीस वर्षांची दोस्ती. गुडघ्यांपायी शिलाई मशीन सुटलं, दुकान सुटलं. उरली ती रविवार सकाळची बुद्धिबळाची बैठक. आठवड्यातून तेवढ्यापुरते ते इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडत.

बैठक भरायची दवाखान्यात. रविवारी डॉक्टरांना सुट्टी आणि किल्ली कंपाउंडरकडे. पेशंटच्या बाकांवर बघे बसत, मधल्या टेबलावर एक पट आणि घड्याळजीने घरून आणलेलं एक घड्याळ. हे घड्याळ जोडीचं. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या. खेळी केली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, की समोरच्याची बाजू पळू लागते. प्रत्येकाला पाच मिनिटं. संपली की लाल झेंडी पडते आणि माणूस हरतो, मग पटावर त्याचा वजीर नाचत का असेना!

मास्तरांचा वजीर नेहमी नाचत असे आणि झेंडी नेहमी पडत असे. कापड बेतायच्या आधी तीनदा मापणारा माणूस तो. प्यादं हलवायचं तरी त्याच्याकडे असे बघत, जणू ते नंतर धुतल्यावर आटणार आहे! समोर कंपाउंडर. गोळ्यांच्या पुड्या बांधाव्यात तसा खेळायचा. फटाफट.

"मास्तर, झोप लागली का? सलाईन लावू?" मागच्या रविवारी तो सगळ्यांदेखत म्हणाला. बाक हसले. मास्तर हसले नाहीत.

शनिवारी जेवण उरकून घड्याळजीने ती पेटी उघडली. डाव्या तबकडीमागचं चक्र काढून जरा जड चक्र बसवलं. आता त्या बाजूची पाच मिनिटं साडेसहा मिनिटांत संपणार होती. त्याला वाटलं, दीड मिनिटाने जगाचं काय बिघडतंय? आणि घड्याळ मांडायचा मान त्याचाच असल्यामुळे डावी बाजू मास्तरांकडेच जाणार, याची खात्री होती.

रविवारी मास्तरांना त्याने अक्षरशः हाताला धरून आणलं. मास्तर जिंकले! झेंडी पडायला चार सेकंद असताना मात दिली. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारीही!

चार महिन्यांत मास्तरांचा नूरच पालटला. दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या चढू लागले, गुडघे गेले उडत! कंपाउंडरला सल्ले देऊ लागले. घड्याळजीलासुद्धा सोडलं नाही.

"तू विचार फार करतोस रे," ते म्हणाले. "खेळी आतून यायला हवी."

घड्याळजीने मान डोलावली. आतून काय आलं होतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

इथवर थांबलं असतं तर बरं होतं. पण मास्तरांनी परस्पर पलीकडच्या गल्लीला आव्हान दिलं! तिकडून आल्या वाचनालयाच्या बाई. शांत आवाज, जाड चष्मा, आणि पिशवीत स्वतःचं घड्याळ.

"घड्याळ आमचंच वापरायचं!" घड्याळजी एवढ्या जोरात ओरडला की वजनकाट्यावर उभा असलेला एक बघ्या दचकून खाली उतरला.

"वापरा की," बाई म्हणाल्या. "घड्याळ तुमचं, तर बाजू माझी." आणि त्यांनी पेटी अलगद फिरवली.

साडेसहा मिनिटं बाईंकडे, मास्तरांना रोख पाच! पहिला डाव मास्तर हरले. वजीर नाचत होता, झेंडी पडली.

"तीन डावांत दोन," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज तोच जुना, चार महिन्यांपूर्वीचा होता. घड्याळजीला तो सोसवेना.

"तेल घालायला हवं याला!" असं म्हणून त्याने पेटी उचलली आणि इंजेक्शनच्या खोलीत शिरला. दुसरं जड चक्र जवळ नव्हतं. ट्रेमध्ये चिकटपट्टी होती. त्याने नखाएवढा तुकडा कापला, मास्तरांच्या बाजूच्या चक्राला डकवला आणि घाम पुसत बाहेर आला.

तुकडा अंमळ मोठा झाला होता.

मास्तर विचार करू लागले. करत राहिले. बघ्यांनी जांभया दिल्या, एक जण बाहेर जाऊन चहा पिऊन आला, तरी झेंडी ढिम्म! फक्त कंपाउंडर मनगटावरच्या घड्याळात बघत होता. माणसाची नाडी मोजण्यात जन्म गेलेला तो. त्याला कुठली टिकटिक मंद चाललीय हे सांगावं लागत नाही.

"थांबा!" तो म्हणाला. "मास्तरांची पाच मिनिटं चालू होऊन तेरा मिनिटं झाली!"

पेटी उघडली. चिकटपट्टी सगळ्यांनी पाहिली. मग कंपाउंडरने दुसरं चक्रही बोटाने फिरवून पाहिलं. "आणि हे जड चक्र? हे कधीपासून?"

एका चिकटपट्टीवर निभावलं असतं, पण घड्याळजीचा चेहराच दोन्ही तबकड्यांची वेळ सांगत होता.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"दीड मिनिट."

"पहिल्या जिंकलेल्या डावापासून?"

"मास्तर, अरे, तू यायचा बंद होणार होतास म्हणून..."

मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि जिना उतरले. एक-एक पायरी, कठडा धरून.

दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी बायकोने बातमी आणली. "भावजी वाचनालयात बाईंबरोबर खेळतात. घड्याळाशिवाय! जा, माफी मागून या. या वेळी समजूत मी काढणार नाही."

घड्याळजी गेला. वाटेत त्याने माफीचं भाषण चांगलं घोळून घेतलं. मास्तर खिडकीशी पटावर वाकले होते.

"मास्तर..."

"थांब. माझी खेळी आहे."

तो थांबला. एक तास दहा मिनिटं. तेवढ्यात सगळं भाषण विसरला. अखेर मास्तरांनी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि मान वर केली.

"हं, बोल."

"चुकलं माझं. सोडून दे ना रे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. प्याद्याकडे बघत तसं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

त्याला आता अकरा रविवार झाले.